धारोष्ण

इंगवल्यांच्या स्वयंपाकघरात मिक्सरच्या शेजारी जे पांढरं यंत्र बसलं होतं, त्याचं खरं नाव भलतंच लांबलचक होतं. इस्पितळाच्या माणसानं ते बसवताना दोनदा सांगितलं, आणि तो जिना उतरेपर्यंत सगळे विसरले. संयोगिता तेव्हा नऊ वर्षांची होती. डोक्यावर केस नव्हते, पण बोलायची हौस शाबूत होती. तिच्या वडिलांनी, धैर्यशीलनं, तिला आपल्या लहानपणच्या एका कंपाउंडरच्या गोष्टी सांगितल्या होत्या. तो शिवाजी पेठेतल्या दवाखान्यात खिडकीआड बसायचा आणि डॉक्टरांनी काहीही लिहिलं तरी आपल्या मनानं पुड्या बांधायचा. "मग हा आपला कंपाउंडर," संयु म्हणाली, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

नाव चुकीचं नव्हतं. हे यंत्रही आपल्या मनानंच पुड्या बांधायचं.

संयुला ल्युकेमिया झाला होता. रक्त तयार होतं ते हाडांच्या आतल्या मज्जेत. तिथल्या कोवळ्या पांढऱ्या पेशी मोठ्या होऊन रक्तात उतरतात, जंतूंशी लढतात आणि वेळ आली की मरून जातात. संयुच्या मज्जेतल्या काही पेशी मोठ्या व्हायलाच तयार नव्हत्या. नुसत्या आपल्यासारख्या आणखी पैदा करत बसल्या होत्या. पहिले काही महिने जबर औषधं झाली. केस गेले, तोंड आलं, पोरीच्या पायातलं त्राण गेलं. पण शेवटी सूक्ष्मदर्शकाखाली एकही वाईट पेशी दिसेनाशी झाली.

"दिसत नाहीत म्हणजे संपल्या असं नव्हे," डॉक्टर नसरीन मुजावर म्हणाल्या होत्या. "थोड्या कुठंतरी दबा धरून असतात. त्यांच्यासाठी आता दोन वर्षं रोज संध्याकाळी एक पिवळी गोळी. मर्कॅप्टोप्युरीन. तुम्ही काय काम करता, इंगवले?"

"शिरोलीला फाउंड्रीत. ओतकामाच्या साच्यांचे लाकडी पॅटर्न बनवतो."

"मग तुम्हाला लगेच कळेल. पेशीला दुसरी पेशी काढायची तर आधी आपल्या डीएनएची नक्कल काढावी लागते. त्या नकलेला एक कच्चा माल लागतो, प्युरीन. ही गोळी दिसायला अगदी त्या प्युरीनसारखी आहे. फक्त एका जागी भलताच अणू बसवलाय, गंधकाचा. पेशी फसते, तो माल उचलते आणि नक्कल बिघडते. बिघडलेली नक्कल घेऊन तिला पुढं जाता येत नाही, ती मरते. जी सारख्या नकला काढते, ती जास्त फसते."

"म्हणजे पॅटर्नच खोटा द्यायचा," धैर्यशील म्हणाला. "अख्खा ओतकामाचा लॉट रिजेक्ट."

"अगदी. पण चांगल्या पेशीही नकला काढतातच. गोळी कमी पडली तर दबा धरलेल्या उठतात. जास्त झाली तर चांगल्याही जातात, आणि मग साधा ताप जिवावर बेततो. एकाला जी मात्रा पुरत नाही, तीच दुसऱ्याला विष होते. ज्याच्या त्याच्या शरीराची चाल निराळी."

पूर्वी डॉक्टर दर आठवड्याला रक्त तपासून अंदाजानं मात्रा कमीजास्त करत. आता दंडावर नाण्याएवढी पट्टी चिकटवलेली असे. ती पांढऱ्या पेशींच्या आत औषध किती साठलंय ते वाचायची, कंपाउंडरला कळवायची, आणि कंपाउंडर त्या दिवसापुरती, त्या मुलापुरती गोळी ओतून खालच्या वाटीत टाकायचा. गावात अशी यंत्रं आल्यापासून आजार उलटलेली मुलं फारच कमी झाली होती. त्यामुळं कंपाउंडर म्हणेल ती पूर्व दिशा असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. यंत्र चुकत नव्हतंच मुळी.

दिवाळी झाली आणि कंपाउंडरचा हिरवा दिवा नारिंगी झाला.

"औषध अपेक्षेपेक्षा कमी पोहोचत आहे," तो बाईच्या गोड आवाजात म्हणाला. "मात्रा वाढवत आहे. गोळी रोज दिली जाते ना, याची कृपया खात्री करावी."

त्या शेवटच्या वाक्यानं घराची घडी विस्कटली. ऋतुजा, संयुची आई, हायस्कुलात गणित शिकवायची. तिला दोन पायऱ्यांत उत्तर मिळालं. गोळी मी स्वतः हातानं देते. रक्तात ती पोहोचत नाही. म्हणजे पोरगी थुंकते.

"आ कर. जीभ वर घे. आता गाल."

"आई, गिळली मी."

"बोलू नकोस. आ कर म्हटलं ना."

टॉर्च लावून तोंड तपासलं जायचं. मग बेसिनची जाळी आणि उशीचा अभ्रा. काही सापडायचं नाही, आणि सापडत नाही म्हणून संशय वाढायचा. गणिताची माणसं तशी वाईट नसतात, पण एकदा उत्तर आलं की ते सोडत नाहीत. संयु हळूहळू घुमी झाली. पूर्वी गोळीवर विनोद करायची, ते थांबलं. धैर्यशील हे सगळं दारात उभा राहून बघायचा. बायकोला काही बोलायची त्याची छाती नव्हती. कारण ऋतुजा त्या आजाराच्या पहिल्या दिवसापासून धड झोपलेली नव्हती, आणि ते त्याला माहीत होतं.

मग तो आपल्याला जमतं तेच करायचा. गोळी झाली की म्हणायचा, "चल गं पैलवान, चक्कर मारून येऊ." पोरगी टुणकन उठायची.

चक्कर म्हणजे दूधकट्टा. कोल्हापुरात संध्याकाळी गवळी आपल्या म्हशी घेऊन चौकात येऊन उभे राहतात, आणि गिऱ्हाईक तिथंच, म्हशीच्या शेजारी उभं राहून, कासेतून काढलेलं फेसाळ दूध पितं. मोटारी विजेवर गेल्या, पैसे मनगटावरून द्यायची सोय झाली, महापालिकेनं कट्टा हलवायचे तीनचार ठराव केले. म्हशी होत्या तिथंच राहिल्या. धैर्यशील तरुणपणी तालमीत जायचा. त्याच्या अंगात जी काही ताकद आली ती याच दुधानं आली, याविषयी त्याला तिळमात्र शंका नव्हती. संयुचे केस परत फुटायला लागले, तेव्हा दिवाळीच्या सुमारास, त्यानं तिला पहिल्यांदा कट्ट्यावर नेलं. शिवाप्पा गवळ्यानं थेट ग्लासात धार मारली. पोरीच्या ओठांवर फेसाची मिशी उमटली, आणि ती हसली. पोरगी हसते म्हटल्यावर रोजचाच नेम झाला.

ऋतुजाला हे सांगितलेलं नव्हतं. ती रत्नागिरीची. म्हशीखालचं दूध न गाळता प्यायचं, या कल्पनेनंच ती "शी!" म्हणायची. शिवाय इस्पितळानं कच्चं दूध द्यायचं नाही असं बजावलं होतं, जंतूंसाठी. कंपाउंडरही दर रविवारी विचारायचा: काढा? ज्यूस? कच्चे दूध? धैर्यशील दर वेळी "नाही" म्हणायचा, आणि तो थापा मारत नव्हता. त्याच्या लेखी कच्चं दूध म्हणजे पिशवीतलं, न तापवलेलं, गार. धारोष्ण दूध कच्चं कसं असेल? ते तर म्हशीनंच तापवलेलं असतं. आजाऱ्याला, बाळंतिणीला, मार खाऊन आलेल्या पैलवानाला देतात ते. अख्ख्या पेठेत कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं.

कंपाउंडरची मात्रा चढत गेली. वाटीत पडणारी गोळी आता डोळ्यांना मोठी दिसायला लागली होती. दिवा नारिंगीच राहिला आणि एके दिवशी लाल झाला. यापुढं वाढवण्याचा अधिकार कंपाउंडरला नव्हता. इस्पितळातून बोलावणं आलं.

डॉक्टर मुजावरांनी संयुला बाहेर माशांच्या टाकीपाशी बसवलं.

"मोकळेपणानं बोलू या," त्या म्हणाल्या. "ती गोळी थुंकत असेल, तर चांगलंच आहे. मी रागावणार नाही, पेढे वाटीन. पण ती खरंच गिळत असेल, तर मला भीती वाटते. काही पेशी औषध बाहेर फेकायला शिकतात. पट्टीला आत औषध दिसत नाही, ते त्यामुळंही असू शकतं. आजार उलटायच्या आधीची ही खूण असते."

"मग काय करायचं?" ऋतुजानं विचारलं.

"थांबायचं नाही. तिची सगळी मज्जा औषधांनी जाळून काढायची आणि दुसऱ्याची भरायची. आता ते पूर्वीपेक्षा चांगलं जमतं. पण सगळी मुलं त्यातून परत येतात असं मी तुम्हाला सांगू शकत नाही."

दाराशी कधी येऊन उभी राहिली कोण जाणे, संयु म्हणाली, "मी थुंकते."

तिघंही वळले.

"रोज थुंकते. गालात धरते आणि खिडकीतनं टाकते. कडू लागते ती."

ऋतुजा ताडकन उठली. धैर्यशीलला वाटलं, आता ही पोरीला बडवते. पण तिनं पोरीला उराशी धरलं आणि ती मोठमोठ्यानं हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. "गाढव," ती म्हणत होती, "गाढवच आहेस तू, शुद्ध गाढव." डॉक्टरांनीही चष्मा काढून पुसला. इतक्या आनंदानं कुणाच्या गुन्ह्याची कबुली आजवर ऐकली गेली नसेल.

ठरलं ते सोपं होतं. संयुला थोडे दिवस वॉर्डात ठेवायचं. वॉर्डातल्या कंपाउंडरवर मात्रा आहे तिथंच गोठवायची आणि नर्सनं समोर उभं राहून गोळी द्यायची. दिवा हिरवा झाला की पोरगी खरं बोलली, हे सिद्ध होईल.

पहिल्या संध्याकाळी ऋतुजा कपडे आणायला घरी गेली. धैर्यशील पलंगापाशी बसून मोसंबं सोलत होता.

"पप्पा," संयु म्हणाली, "मी थुंकत नव्हते."

"काय बोलालीस तू?"

"नव्हते थुंकत. सगळ्या गिळल्यात. आईला नका सांगू. ती किती हसली बघितलं ना तुम्ही?"

ही खरं बोलत असेल, तर ते जाळून काढणं आलं. खोटं बोलत असेल, तर पोरगी वाचली. आपली लेक खोटारडी निघावी म्हणून बापानं नवस बोलावा, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये. त्यानं मोसंब्याच्या फोडी तिच्या पुढ्यात ठेवल्या आणि तो उठून बाहेर गेला.

आणि चौथ्या का पाचव्या दिवशी दिवा हिरवा झाला.

ऋतुजानं वॉर्डातल्या सगळ्यांना पेढे वाटले. नर्स संयुला म्हणाली, "काय गं लबाडे!" संयु भिंतीकडं तोंड करून पडली. धैर्यशीलही हसला, आणि पेढा त्यानं तसाच खिशात टाकला. यंत्र सांगत होतं, पोरगी थुंकत होती. पोरगी सांगत होती, नाही. यंत्राला मतलब नसतो. पण पोरीला तरी काय मतलब होता? खोटं सांगून ती सुटली होती. मग एकट्या बापाला गाठून पुन्हा संकटात पडायचं तिला काय कारण?

दोन दिवस त्यानं कामात मन घालायचा प्रयत्न केला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी थोड्या घसरल्याचा निरोप आला. वॉर्डातला तरुण डॉक्टर म्हणाला, औषध लागू पडलं की असं होतंच. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या आणखी घसरल्या. धैर्यशील हातातली कानस टाकून, मालकाला न विचारता, मोटारसायकल काढून थेट डॉक्टर मुजावरांच्या दारात जाऊन उभा राहिला. अंगावर लाकडाचा भुसा होता.

"मॅडम, पोरगी थुंकत नव्हती."

"इंगवले, दिवा हिरवा झालाय. पुरावा समोर आहे."

"दिवा असू दे. मी माझ्या पोरीला ओळखतो. ती आईला हसवायला खोटं बोलली. तुम्ही त्या दिवशी आत काय सांगितलं ते सगळं ऐकलं तिनं." त्याचा आवाज चढला. "आता तिच्यावर विश्वास ठेवायचा तर तुम्ही मज्जा जाळणार म्हणता. तरीसुद्धा सांगालोय. ती खरं बोलतेय. काय करायचं ते करा."

डॉक्टर मुजावरांचा एक गुण होता, समोरचा माणूस ओरडला की त्या शांत व्हायच्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "ती खरं बोलते असं धरून चालू. घरी गोळी गिळली, पण पेशींत पोहोचली नाही. इथं तीच गोळी गिळली आणि पोहोचली. मग पेशी औषध बाहेर फेकत नाहीत, हे तर आधी मिटलं. फेकत असत्या तर इथंही फेकल्या असत्या." त्या बोलता बोलता थबकल्या. "म्हणजे घरी ती वाटेतच हरवत होती. मला घरची संध्याकाळ सांगा. मिनिटामिनिटाची. गोळी झाल्यावर काय?"

"काही नाही. तोंड तपासायचं. मग आम्ही चक्कर मारायला जातो."

"कुठं?"

"कट्ट्यावर. एक ग्लास दूध पिते, येतो परत."

"कसलं दूध?"

"म्हशीचं. समोर पिळलेलं."

"कच्चं?"

"कच्चं कशाला? धारोष्ण."

डॉक्टर मुजावर खुर्चीतून उठल्या. त्यांनी आधी वॉर्डात फोन लावला. "संयोगिता इंगवलेची आजची गोळी बंद. वाटीत पडली असेल तर काढून घ्या. उद्याचीही बंद. आणि तिला वेगळ्या खोलीत हलवा, आत्ता." मग त्या धैर्यशीलकडं वळल्या, आणि त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"इंगवले, दुधात एक विकर असतो. विकर म्हणजे शरीरातला कामगार समजा, एका पदार्थाचा दुसरा करणारा. झँथीन ऑक्सिडेज म्हणतात याला. प्युरीन मोडून त्याचा टाकाऊ माल करायचा, हे त्याचं काम. ही गोळी प्युरीनसारखीच दिसते ना? पेशी फसते तसा तोही फसतो. गोळी मोडून टाकतो. दूध उकळलं की तो मरतो, म्हणून घरच्या दुधाचा प्रश्न येत नाही. पण कासेतून आलेल्या दुधात तो पुरता जिवंत असतो. तुम्ही रोज गोळीच्या मागोमाग तिच्या पोटात गोळीचा मारेकरी सोडत होता."

धैर्यशीलनं विचारलं, "आणि कंपाउंडर..."

"कंपाउंडरला दूध दिसत नाही. त्याला रक्त दिसतं. औषध कमी पडतंय म्हणून तो वाढवत गेला, तुमचं दूध ते संपवत गेलं. इथं दूध थांबलं, आणि ती वाढवलेली मात्रा आता सगळीच्या सगळी तिच्या मज्जेत उतरतेय. आणि पोरगी खरी की खोटी हे बघायला आम्ही ती मात्रा गोठवून ठेवली. दर महिन्याला मीही विचारत होते, कच्चं दूध देता का. मी कोल्हापुरात वाढलेली बाई. कट्ट्याचं विचारायला हवं होतं."

पुढचे दिवस फार वाईट गेले. मज्जेनं नव्या पेशी पाठवायचं थांबवलं होतं, आणि जुन्या संपत चालल्या होत्या. संयुला ताप चढला. काचेच्या खोलीत एका वेळी एकालाच, तेही तोंड झाकून, जाता यायचं. सलाइनमधून अँटिबायोटिक चालू होती. औषध शरीरातून निघून जाईपर्यंत वाट बघायची, दुसरा इलाज नव्हता. धैर्यशीलनं ऋतुजाला सगळं सांगितलं, इस्पितळाच्या कँटीनमध्ये, चहा गार होईपर्यंत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुम्ही तिला विष दिलं नाहीत," ती शेवटी म्हणाली, "एवढं मला कळतं. पण मला आत्ता तुमच्याकडं बघवत नाही." आणि मग, "मी तिच्या तोंडात टॉर्च घालत होते हो. महिनाभर."

दोघंही रडले, पण एकमेकांकडं बघून नव्हे.

ताप उतरला तेव्हा रविवार होता. पांढऱ्या पेशी आधी रेंगाळल्या, मग एके सकाळी चढायला लागल्या, आणि त्या सगळ्या शहाण्या होत्या, एकही वाईट नव्हती. डॉक्टरांनी मज्जेचा नमुनाही तपासून घेतला. आजार उलटलेला नव्हता. तो उलटायच्या बेतातही नव्हता.

त्या दिवशी दोघांनाही एकदम आत जायची परवानगी मिळाली. धैर्यशीलनं पलंगाशेजारी बसून पोरीला सरळ सांगितलं. दूध, गोळी, कंपाउंडर, सगळं. आपली चूक कुठली, तेही सांगितलं. संयु छताकडं बघत ऐकत होती. गाल आत गेले होते, आणि नुकते फुटलेले केस उशीला चिकटले होते.

"म्हणजे मी आजारी नाही?" तिनं विचारलं.

"परत नाही. गोळ्या आहेत अजून, पण तो परत आलेला नाही."

"आणि खोटारडीपण नाही?"

ऋतुजा वाकली आणि म्हणाली, "नाहीस गं राणी. कधीच नव्हतीस."

संयुचा खालचा ओठ बाहेर आला. मग तिनं पांघरूण ओढून तोंडावर घेतलं आणि आतून ओरडली, "मग जावा दोघंपण! मला बोलायचं नाही तुमच्याशी!"

आणि ती खरंच बोलली नाही. संध्याकाळ झाली, जेवण आलं, ते तिनं भिंतीकडं तोंड करून खाल्लं. आईनं हाक मारली तर ऐकू न आल्यासारखं केलं. बाप समोर जाऊन उभा राहिला तर डोळे मिटून घेतले. डॉक्टर मुजावर राउंडला आल्या आणि त्यांनी विचारलं, "ही अशी गप्प का? काही दुखतंय का हिचं?"

"नाही ओ मॅडम," ऋतुजा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांत न दिसलेलं काहीतरी पसरलं. "रुसलीय आमच्यावर. चांगली चार दिवस रुसणार दिसतेय."

"रुसू दे की," धैर्यशील म्हणाला. "आता वेळच वेळ हाय तिच्याकडं."